तहानलेली गाडी

आमची गाडी तापायची ती जानेवारीत. मे महिन्यात तापली असती तर कुणी काही म्हटलं नसतं. भंडारा जिल्ह्यात मे महिन्यात माणसंच एवढी तापलेली असतात की गाडीकडे बघायला कुणाला सवड नसते. पण मी सकाळी शाळेला निघायची ती स्वेटरवर शाल घेऊन, कान बांधून. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लाखोरीच्या शेतांवर धुकं बसलेलं असायचं. आणि अशा गारठ्यात समोरचा तापमानाचा काटा सावकाश लाल रेघेकडे सरकायचा. त्या काट्याचा मला इतका राग यायचा की एकदा मी त्याच्यावर रुमाल टाकून दिला होता.

गाडी म्हणजे जुनी, लहान, पांढरी. ती माझी, कारण घरात ती चालवणारी मी एकटीच. आमचे हे कृषी केंद्राचं दुकान सांभाळतात आणि मोटरसायकलवर फिरतात. चारचाकीत बसलं की त्यांना झोप येते, मग ती दुसरं कुणी चालवत असो की ते स्वतः. मुलं शिकायला बाहेर. आंधळगावच्या घरात आम्ही दोघं आणि मामाजी. मामाजी म्हणजे माझे सासरे. आमच्याकडे सून सासऱ्याला मामाजी म्हणते. ते मला मास्तरीन म्हणतात. मी प्राथमिक शाळेत शिकवते हे त्यामागचं वरवरचं कारण. खरं कारण माझा आवाज.

मामाजींनी ऐंशी कधीच ओलांडली. दोन वर्षांपूर्वी धानाच्या बांधीच्या धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, घसरले आणि उजव्या पायात सळई बसली. तेव्हापासून तो पाय पुरता वाकत नाही. एसटीची पायरी त्यांना चढता येत नाही, मोटरसायकलवर पाय टाकता येत नाही. माझ्या गाडीत मात्र पुढची सीट मागे सरकवली की पाय लांब करून आरामात बसता येतं. त्यामुळे त्यांचं बाहेरचं जग म्हणजे माझी गाडी जाईल तेवढं.

आणि त्यांना जायचं होतं बपेऱ्याला. मध्यप्रदेशच्या सीमेला लागून असलेलं ते गाव मामाजींच्या थोरल्या बहिणीचं सासर. ते तिला बाई म्हणतात, मी आत्याबाई. मामाजींची आई लवकर गेली, तेव्हा हिनेच त्यांना वाढवलं. धान निघालं, नवा तांदूळ झाला की तो बहिणीच्या घरी पोचवायचा हा मामाजींचा नेम. पाय मोडल्यापासून तो चुकला होता. आणि त्याच काळात आत्याबाई विसरायला लागल्या. आधी चष्मा कुठे ठेवला ते, मग जेवल्या की नाही ते, मग माणसं. दिवाळीनंतर एकदा तिकडून त्यांच्या सुनेचा फोन आला. तिने फोन आत्याबाईंच्या कानाला लावला. मामाजी मोठ्याने म्हणाले, "बाई, मी बोलून राहिलो."

"कोन बोलून राहिलं?" तिकडून आवाज आला.

मामाजींनी फोन माझ्या हातात दिला. थोड्या वेळाने म्हणाले, "मास्तरीन, बपेऱ्याले जाऊ. तिनं मले एक डाव वळखाले पाहिजे. मंग काई नाई."

यांनी लगेच भाड्याची गाडी सांगायची तयारी दाखवली. मामाजी भडकले. "बहिनीच्या दारी भाड्याच्या गाडीनं जाऊ का? घरची असताना?" त्यांच्या लेखी बहिणीच्या दारात भाऊ स्वतःच्याच गाडीने जातो. पूर्वी बैलगाडीने गेले, आता सुनेच्या गाडीने. मला त्यांचं पटलं. खरं सांगायचं तर बरंही वाटलं, कारण माझ्या या डबड्याला घरची गाडी म्हणणारे ते पहिलेच.

पहिल्या रविवारी आम्ही तांदळाचं पोतं मागे टाकून निघालो. तुमसर ओलांडलं. सिहोऱ्याच्या अलीकडे काटा चढायला लागला. मी वेग कमी केला, तरी चढला. मग बॉनेटच्या फटीतून वाफ निघाली आणि मी एका मोहाच्या झाडाखाली गाडी उभी केली.

"पानी पाज तिले," मामाजी म्हणाले.

मी झाकणाला हात घालणार तेवढ्यात ट्रॅक्टरवाला एक जण ओरडला, "ओ म्याडम! गरम झाकण उघडान तं तोंड भाजन!" मग थंड होईपर्यंत आम्ही त्या झाडाखाली बसून राहिलो. मामाजी रस्त्याच्या पुढच्या टोकाकडे बघत होते, जिकडे बपेरा आहे. आम्ही रेडिएटरमध्ये पाणी भरलं आणि गाडी वळवून हळूहळू घरी आणली. तांदळाचं पोतं पुन्हा घरात घेताना मला रडू येत होतं, ते मी पोत्यावर काढलं, लाथ मारून.

आमचा मिस्त्री तुमसरच्या अलीकडे रस्त्यावर बसतो. नाकाडोंगरीकडच्या खाणीच्या ट्रकांवर त्याचा हात बसलेला, तोंडात कायम सुपारी. त्याने फुटका पाइप शोधला, बदलला, आणि म्हणाला, "आता हवा काढू लागते."

"कसली हवा?"

"पानी सांडलं न जी, त्याच्या जागी हवा जाऊन बसली. मंग पानी फिरतच नाई. इंजिन तापन नाई तं काय करन?"

त्याने गाडी गॅरेजसमोरच्या उतारावर नाक वर करून लावली, झाकण काढलं, इंजिन सुरू केलं आणि गाडीतला हीटर पूर्ण गरमवर फिरवला. हीटर! आमच्या गाडीला हीटर आहे हे मला माहीत होतं, पण भंडाऱ्यात राहून तो लावावा असं कधी मनात आलं नव्हतं. मिस्त्री म्हणाला की हीटरमधूनही हेच पाणी फिरतं, तो चालू नसेल तर तिथली हवा तिथेच राहते. मग तो रेडिएटरच्या तोंडाशी वाकून बुडबुडे बघत राहिला. शेवटी झाकण दाबून बसवलं आणि बजावलं, "आता झाकण कोनी उघडू नोका. पानी पाहाचं तं बाजूच्या बाटलीत पाहा."

घरी येऊन मी हे सगळं यांना सांगितलं. मामाजी तेव्हा टीव्हीवर शंकरपटाची बातमी बघत होते. बैलजोड्या धावत होत्या आणि त्यांचं लक्ष दुसरीकडे असणं शक्य नव्हतं.

काही दिवस गाडी छान चालली. मी शाळेला जाता-येता गाणी म्हणायला लागले. पण रविवार जवळ आला तसा काटा पुन्हा वर सरकू लागला. मी मनाशी म्हटलं, माझा भास असेल. रविवारी पोतं पुन्हा मागे टाकलं, मामाजींनी नवं धोतर नेसलं. या वेळी मोहाच्या झाडापर्यंतसुद्धा पोचलो नाही. तुमसरमधूनच परत फिरावं लागलं.

तिकडे सुनेने आत्याबाईंना सांगून ठेवलं होतं की भाऊ येणार. त्या दिवसभर अंगणातल्या खाटेवर बसून होत्या, असं तिने संध्याकाळी फोनवर सांगितलं. मग कुणाची वाट बघतोय ते विसरल्या, पण बसून राहिल्या. हे मी मामाजींना सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी जाऊन मिस्त्रीवर जे काही तोंडसुख घेतलं, ते आजूबाजूच्या दुकानांतही ऐकू गेलं. इंजिन निवल्यावर त्याने शांतपणे झाकण उघडलं, बोट बुडवलं, वास घेतला.

"म्याडम, हे मी टाकलेलं कूलंट नाई. हे साधं पानी होय. कोनी तरी झाकण उघडून राहिलं रोज."

"आमच्या घरात माझ्या गाडीला कुणी हात लावत नाही!" मी म्हणाले.

"मंग भूत असन," तो म्हणाला, आणि त्याने दुसऱ्या गाडीखाली अंग सरकवलं. मी हवा न काढताच, तणतणत गाडी घेऊन निघून आले.

भुताचा पत्ता लागला तो त्याच आठवड्यात. शाळेच्या खेळांच्या स्पर्धा होत्या म्हणून मी नेहमीपेक्षा लवकर उठले. नुकतं फटफटलं होतं. अंगणात गेले तर गाडीचं बॉनेट उघडं, आणि त्याच्यापुढे मामाजी. अंगावर घोंगडी, डोक्याला मफलर, एका हातात तांब्या. दुसरा हात त्यांनी गाडीच्या कडेवर टेकवला होता, कारण काठी भिंतीला लावून ठेवली होती.

"पी माय, पी," ते रेडिएटरच्या तोंडात पाणी ओतत म्हणत होते. मग त्यांनी झाकण उचललं, अलगद जागेवर ठेवलं, जरासं फिरवलं आणि बॉनेटवरून हात फिरवला.

"मामाजी, काय करताय?"

"पानी पाजून राहिलो." यात विचारण्यासारखं काय आहे, असा त्यांचा चेहरा होता. "जुपायच्या आंधी पाजूच लागते न. उपाशी चालन जनावर, पन तहानेलं कसं चालन? आन लय पेते ही. परवा घोटभर पेली, काल अर्धा तांब्या, आज तं पुरा तांब्या पेली."

"रोज पाजता?"

"त्या झाडाखाली बसलो होतो न आपुन, तवापासून. तहानलीच होती बिचारी. कोनाच्या ध्यानातच नाई."

मी बॉनेट पुन्हा उचललं आणि झाकण बघितलं. ते पहिल्याच खाचेवर होतं. त्याला दोन खाचा असतात. खाली दाबून दुसऱ्या खाचेपर्यंत फिरवलं तरच ते घट्ट बसतं. मामाजींच्या बोटांत तेवढा जोर राहिलेला नाही. सगळा प्रकार माझ्या लक्षात आला. झाकण अर्धवट, म्हणून गाडी गरम झाली की पाणी बाहेर पडायचं आणि थंड होताना बाटलीतलं पाणी आत ओढण्याऐवजी ती हवा ओढायची. सकाळी मामाजी बघायचे तर पातळी खाली. ते म्हणायचे, तहानली. मग ओतायचे आणि झाकण पुन्हा तसंच ठेवायचे. जितकं पाजत होते तितकी ती जास्त तहानलेली दिसत होती, आणि जितकी तहानलेली दिसे तितकं ते जास्त प्रेमाने पाजत होते.

माझ्या तोंडात जे शब्द आले ते मी आत जाऊन चहाबरोबर गिळले. मिस्त्रीला काय काय बोलले होते ते आठवून कानशिलं गरम झाली. पण त्याहून वाईट वाटत होतं ते वेगळंच. ज्या माणसाचा जीव बपेऱ्यात अडकला होता, तोच रोज पहाटे उठून, दुखऱ्या पायावर उभा राहून, आपलीच वाट बंद करत होता.

यांना सांगितलं तर ते म्हणाले, "नोको सांगू बाबाले. मनाले लावून घेतीन. बॉनेट बंद करून टाकू काही तरी करून."

"म्हणजे ते उद्या पहाटे तांब्या घेऊन जातील आणि त्यांना बॉनेट उघडणार नाही. मग?"

त्यांनी दुकानाच्या किल्ल्या उचलल्या. मला ते मान्य नव्हतं. लहान मुलापासून गोळ्या लपवाव्यात तसं मामाजींपासून बॉनेट लपवायचं? त्यांनी आयुष्यभर शेती केली आहे, दहा जणांची भांडणं सोडवली आहेत. त्यांना खरं सांगितलं तर समजेल, एवढा त्यांचा मान ठेवायलाच हवा होता. त्या दिवशी शाळेतून आल्यावर मी त्यांच्या खाटेवर बसले आणि हळू आवाजात, जो मला फारसा जमत नाही, सगळं सांगितलं.

ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "म्हंजे मागच्या रविवारी मीच वापस फिरवली गाडी?"

"हो, मामाजी."

रात्री ते अर्धीच भाकर खाऊन उठले. दुसऱ्या दिवशी पहाटे अंगणात आवाज झाला नाही. मी जागीच होते, आणि तो आवाज झाला नाही याचंच मला वाईट वाटलं. चूक केली की काय, असं वाटायला लागलं. यांनी माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ती नजर मला कळते.

दुपारी मी धान्य निवडत बसले होते. मामाजी काठी टेकत आले आणि समोर उभे राहिले.

"मंग ते हवा काढाले काय काय लागते?"

मी वर बघितलं.

"आपला पंप हवा धरते तं काय करतो आपुन? नुसता बोंबलते, पानी फेकत नाई. मंग पाइपात वरून पानी टाकतो. भडभड भडभड हवा निंगते. पुरी निंगेवरी टाकत राहाचं, मंग पंप पानी धरते. असंच होय न हे?"

"अगदी असंच आहे," मी म्हणाले.

"मंग मिस्त्री कायले पाहिजे? चाल, काढू."

मिस्त्री तरी लागणारच होता, निदान फोनवर. तो कुठल्या तरी भाच्याच्या लग्नात होता, मागे बँड वाजत होता. मी आधी सांगून टाकलं, "भाऊ, भूत आमच्याच घरचं निघालं. मी तुम्हाला उगाच बोलले." तो इतका मोठ्याने हसला की मला फोन कानापासून दूर धरावा लागला. मग त्याने बँडवरून ओरडत ओरडत सगळं समजावलं. गाडी पूर्ण थंड असू द्या. नाक वर करा. कूलंट आणा, विहिरीचं पाणी नको. हळू ओता. पंख्यापाशी हात नेऊ नका. आणि घाई करू नका, म्याडम, तुमचं तेवढंच भेव वाटते मले.

गावाबाहेर आमची बोडी आहे, म्हणजे लहान तलाव. तिच्या पाळीवर, म्हणजे काठाच्या बांधावर, चढणारी गाडीवाट आहे, पूर्वी बैलगाड्या तिथून वर जायच्या. शनिवारी शाळा सकाळची होती. दुपारी मामाजींना घेऊन तिथे गेले, त्या चढावर गाडी नाक वर करून लावली आणि ती पुरती थंड होऊ दिली. मामाजींनी स्वतः सांगून मागच्या चाकांना दगड लावून घेतले. पाण्याच्या बाटलीचं बूड कापून तिचं नरसाळं केलं. मी झाकण काढलं, मामाजींनी ओतायला घेतलं. आणि या वेळी तांब्यातून ओतत होते तसं नाही. अगदी बारीक धार धरली. त्यांच्या हाताला कंप आहे, पण धार तुटू दिली नाही.

मी गाडी सुरू केली आणि हीटर गरमवर फिरवला. झरोक्यांतून वारा आला तो थंडगार. पुढे बॉनेटखाली रेडिएटरच्या तोंडात एक मोठा बुडबुडा वर आला आणि फुटला. मग आणखी एक. मग भडभड.

"निंगून राहिली! निंगून राहिली!" मामाजी ओरडले.

वरचा रबरी पाइप मी फडक्यात धरून हळूहळू दाबत होते. दर दाबाला आतून गुळगुळ आवाज यायचा आणि बुडबुड्यांची रांग लागायची. पाइप हाताला कोमट लागायला लागला. पाळीवरून दोघं-तिघं शेताकडून येत होते, ते थांबले.

"काहून जी, पटाले नेऊन राहिले का गाडी?" एकाने विचारलं.

"बहिनीकडं नेतो," मामाजी मान वर न करता म्हणाले. "तू चाल, तुह्या बैलायकडं पाहा."

बुडबुडे थांबले असं वाटलं आणि मी झाकण हातात घेतलं. मामाजींनी माझा हात धरला. "थांब न, मास्तरीन. दम घे. पोटात अजून हाये." ते तोंडाशी कान नेऊन ऐकत होते. खरंच, थोड्या वेळाने पातळी एकदम खाली गेली, आतून ढेकर दिल्यासारखा आवाज आला आणि सगळ्यात मोठा बुडबुडा निघाला. मिस्त्रीने सांगितलं होतं, इंजिन पुरेसं गरम झालं की आतली झडप उघडते आणि तेव्हा लपलेली हवा बाहेर पडते. आम्ही पुन्हा भरलं. मग वाट बघितली.

वाट बघताना मामाजी बाईबद्दल बोलले. लग्नानंतर ती बपेऱ्याला गेली तेव्हा ते तिच्याकडे बैलगाडीने तांदूळ घेऊन जायचे, पहाटे निघून ऊन तापेपर्यंत. "दारात गेलो का मले पानी नाई देत होती. पहिले इचारे, बैलायले पाजलं का? पाजून आलो का मंग मले बस म्हने. एक डाव खोटं बोललो. तं बैलाच्या तोंडाले हात लावून पाह्यलं तिनं. कोरडं होतं. मंग काय बोलली मले, बापा!" त्यांना हसू आलं. ते हसू बघून मला इतकं हलकं वाटलं की मी उगाचच पदराने गाडीची काच पुसली.

मी गाडीत जाऊन झरोक्यापुढे हात धरला. वारा गरम होता. नुसता गरम नाही, चांगला चटका बसावा असा. "मामाजी, गरम आला! गरम आला!" मी शाळेतल्या पोरींसारखी ओरडले. त्यांनीही वाकून खिडकीतून हात आत घातला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. थंडीने त्यांची बोटं नेहमी दुखतात.

झाकण त्यांनीच बसवलं. पहिल्या खाचेपर्यंत त्यांनी फिरवलं, मग मी त्यांच्या हातावर हात ठेवला आणि दोघांनी मिळून दाबलं. ते दुसऱ्या खाचेत बसलं तेव्हा हाताला नीट कळलं.

"येवढा जोर लागते होय," ते म्हणाले. "मी तं हलक्या हातानं ठेवो."

घरी आल्यावर मी त्यांना बॉनेटखालची दुसरी बाटली दाखवली, काच पुसायच्या पाण्याची. म्हटलं, इथे रोज पाणी बघत जा, कमी असेल तर घाला, हे काम तुमचं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "हे काचीचं पानी होय. मले का समजत नाई?" मी ओशाळले. मग ते म्हणाले, "पन बरं हाये. पाजलं म्हंजे पाजलं."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. पहाटे अंगणात तांब्याचा आवाज आला आणि मी पांघरुणातच हसले. पोतं मागे टाकलं, मामाजी पुढे बसले, पाय लांब केला. मी हीटर लावला, आता तो सोडायला मी तयार नव्हते. तुमसरच्या गर्दीत पुढचा पंखा घुर्र करून सुरू झाला तेव्हा मी दचकून काट्याकडे बघितलं. पण काटा मधोमध होता, तो तसूभर हलला नाही. मोहाचं झाड आलं आणि मागे गेलं. मामाजी रस्त्याकडे नाही, काट्याकडे बघत होते. सिहोरा गेलं तेव्हा त्यांनी पहिल्यांदा मान वर केली.

बपेऱ्याला आत्याबाई अंगणात उन्हात खाटेवर बसल्या होत्या. एवढ्याशा झाल्या होत्या. सून लगबगीने पुढे आली, "आई, पाहा कोन आले!" मामाजी काठी टेकत खाटेपाशी गेले. आत्याबाईंनी डोळे बारीक करून बघितलं.

"कोन पावने आले व?" त्यांनी सुनेला विचारलं.

"बाई, मी. आंधळगावचा."

"आंधळगावले माहा भाऊ राहाते," आत्याबाई म्हणाल्या. "लहान हाये अजून."

मामाजींची मान खाली गेली. मला त्यांच्याकडे बघवेना. इतकं सगळं केलं, आणि आम्ही उशिरा पोचलो, असं मला वाटलं. सून काहीतरी बोलत होती, चहा, उन्हात बसा, असं काही. आत्याबाईंची नजर आमच्यावरून पुढे गेली होती, फाटकात उभ्या असलेल्या गाडीकडे.

"पानी पाजलं का?" त्या म्हणाल्या.

"कोनाले, आई?" सुनेने विचारलं.

"येवढ्या दुरून आले न!" आत्याबाई रागावल्या. आवाज एकदम वेगळा लागला, ठणठणीत. "पहिले त्याहीले पाजा. मंग माणसायले."

मामाजींनी मान वर केली. सुनेकडून तांब्या मागून घेतला आणि दुखरा पाय ओढत गाडीकडे निघाले. मी धावत जाऊन बॉनेट उचलून धरलं. काच पुसायच्या पाण्याची बाटली पहाटेच काठोकाठ भरलेली होती. तरी ते ओतत राहिले, सावकाश, बारीक धारेने, तांब्या रिकामा होईपर्यंत. आत्याबाई खाटेवरून बघत होत्या. एकदाही नजर हलवली नाही.

मामाजी रिकामा तांब्या घेऊन परत आले आणि तो उलटा करून त्यांना दाखवला. आत्याबाईंनी खाटेवर बाजूला सरकून जागा केली.

"आता ये बाबू, बस," त्या म्हणाल्या. "तूही पे पानी."

मी तिथे थांबले नाही. डोळे पुसत गाडीकडे गेले. गाडीखालची माती भिजली होती आणि वरून अजून टपटप पाणी गळत होतं. गेल्या महिनाभरात असं पाणी दिसलं असतं तर मी आधी मिस्त्रीकडे धावले असते. त्या दिवशी मी गाडीला टेकून ते गळताना बघत राहिले.